पिंप नको, विरजण पाठवा

१८४५ साली जे. सी. याकोबसेन हा कोपनहेगनचा तरुण ब्रुअर, म्हणजे बिअर करणारा, म्युनिकहून घरी निघाला, तेव्हा त्याच्या सामानात बिअर आंबवणाऱ्या यीस्टची भांडी होती. म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीच्या गाब्रिएल झेडलमायरनं ते यीस्ट त्याला दिलं होतं. प्रवास बराचसा घोडागाडीचा. यीस्ट तापलं की मेलं, म्हणून गाडी जिथे थांबेल तिथे उतरून तो भांड्यांवर गार पाणी ओतत राहिला. दोन वर्षांनी त्यानं शहराबाहेरच्या टेकडीवर नवी ब्रुअरी उभारली आणि तिला आपल्या मुलाचं, कार्लचं नाव दिलं: कार्ल्सबर्ग. पुढे १८८३ मध्ये तिथल्याच प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हान्सेननं एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. त्या काळी बिअर बिघडणं ही सगळ्या युरोपची डोकेदुखी होती आणि ह्या शोधाला सोन्याचं मोल होतं. याकोबसेननं तो कुलपात ठेवला नाही. इतर ब्रुअरींना ते यीस्ट दिलं आणि ते कसं वाढवायचं हेही उघड केलं.

ज्या झेडलमायरनं यीस्ट दिलं, त्याचा आधीचा एक प्रवासही सांगायला हवा. १८३३ मध्ये तो आणि व्हिएन्नाचा अँटोन ड्रेहर ब्रिटनमधल्या ब्रुअरी बघत फिरले. पोकळ काठीतून आंबत्या रसाचे नमुने लपवून त्यांनी खोलीवर नेले आणि रात्री तपासले. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही तऱ्हा दिसतात. आधी न विचारता घेणं, मग मागणाऱ्याला मोकळ्या हातानं देणं. बिअर महोत्सवांनी आणि घरगुती पेयांच्या परंपरा जपणाऱ्या गटांनी देशोदेशीचे संबंध जोडावेत का, आणि जोडायचे तर कसे, हा प्रश्न आज पुढे येतो तेव्हा मला ह्या दोन्ही तऱ्हा आठवतात.

आपल्याकडे दुसऱ्या तऱ्हेला नाव आहे. विरजण. घरातलं दही संपलं की वाटी घेऊन शेजारी जायचं, चमचाभर विरजण आणायचं. पुढच्या आठवड्यात शेजारणीचं दूध नासलं की ती आपल्याकडे येते. ह्याचा हिशेब कुणी मांडत नाही, पण तो सगळ्यांना पाठ असतो. आणि त्याला नियमही असतात. दिवेलागणीनंतर दूध-दही घराबाहेर द्यायचं नाही, ही रीत अनेक घरांत अजून पाळतात. माझं म्हणणं असं की आंतरराष्ट्रीय संबंध जरूर जोडावेत, आणि ते ह्या विरजणाच्या नियमानं जोडावेत. आज ते बहुतेक ठिकाणी पिंपांच्या, तंबूंच्या आणि प्रायोजकांच्या नियमानं जोडले जातात.

मुळात अशा संबंधांची गरज काय? कारण कंपन्यांनी ते केव्हाच जोडलेत. २०१६ मध्ये एबी इनबेव्ह ह्या बिअर कंपनीनं सुमारे १०० अब्ज डॉलर मोजून सॅबमिलर ही दुसरी बिअर कंपनी विकत घेतली, आणि जगात विकल्या जाणाऱ्या बिअरपैकी पाव भागाच्या आसपास एका छत्राखाली आला. ह्या कंपनीचं एक मूळ बेल्जियममधल्या ल्यूव्हेन गावच्या ब्रुअरीत आहे. आज म्युनिकची श्पाटेनही तिच्याच मालकीची आहे. म्हणजे ज्या ब्रुअरीतून एक भांडं डेन्मार्कला गेलं, ती आता खंडाखंडांत पसरलेल्या साखळीची एक कडी आहे. विकणारे सगळे एकमेकांना ओळखतात. घरी, शेतावर, गावच्या सणासाठी जे हातानं पेय करतात ते मात्र आपापल्या खोऱ्यात एकटे राहिले. पलीकडच्या देशात कुणी आपल्यासारखंच करतं, हे त्यांतल्या अनेकांना ठाऊकही नसतं.

पिणाऱ्यांनी ही कोंडी थोडी फोडली, त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. १९७१ मध्ये चार इंग्रज मित्र सुटीसाठी आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, केरीतल्या डनक्विन गावी गेले होते. ब्रिटनमधल्या मोठ्या ब्रुअरींनी पिंपात जिवंत राहणारी, पबच्या तळघरात पक्व होणारी एल ही जुन्या तऱ्हेची बिअर मोडीत काढून तिच्या जागी गाळलेली, वायू भरलेली बिअर आणली होती, त्याचा त्यांना संताप होता. तिथल्या एका बारमध्ये ‘कॅमरा’ ही ब्रिटिश एल वाचवणारी संघटना जन्मली. परक्या देशात बसल्यावर आपल्या घरचं काय हरवलंय ते नीट दिसतं, ह्याचं मला तरी आश्चर्य वाटत नाही. पुढे तिनं भरवलेल्या महोत्सवांत पिंप लावण्यापासून ग्लास विसळण्यापर्यंतची कामं स्वयंसेवकांनी बिनपगारी केली, अजूनही करतात. १९९० मध्ये कॅमरा, नेदरलँड्सची ‘पिंट’ आणि बेल्जियमची ‘ओब्येक्टीव्ह बीरप्रूव्हर्स’ अशा तीन संघटनांनी ब्रूजमध्ये भेटून युरोपीय बिअर ग्राहकांचा संघ स्थापला. आज त्यात डझनावर देशांच्या संघटना आहेत. लेबलवर काय लिहावं, कर किती असावा, छोट्या ब्रुअरीला बाजारात जागा कशी मिळेल, हे प्रश्न हा संघ युरोपीय पातळीवर लावून धरतो.

हे काम मोलाचं आहे. पण ते ग्राहकांचं आहे. ग्राहकाला निवड हवी असते, खात्रीचा माल हवा असतो. जी बाई किंवा जो शेतकरी पेय करतो, त्याला हवं असतं ते वेगळं. आपलं आंबवण मरू नये, आपली रीत कुणीतरी शिकावी, आणि कुणी आपल्याकडून काही नेलं तर नेणाऱ्यानं आपलं नाव विसरू नये. ग्राहक संघाच्या चौकटीत ह्याला जागा सापडत नाही.

तंबूंची तऱ्हा आपण सगळ्यांनी पाहिली आहे. म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट १८१० च्या एका राजेशाही लग्नातून सुरू झाला. तिथे आजही शहरातल्या सहाच ब्रुअरींची बिअर मिळते. जगभर त्याच्या नकला होतात. ब्राझीलमधल्या ब्लूमेनाउसारखं एखादं गाव सोडा. ते जर्मन स्थलांतरितांनी वसवलेलं आहे, आणि १९८४ मध्ये पुरानं पिचल्यावर उभारी धरण्यासाठी त्यानं आपला महोत्सव सुरू केला. तिथे नातं खरं आहे. पण पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत निळ्या-पांढऱ्या पताका लावून होणारा ऑक्टोबरफेस्ट कुणालाच कुणाशी जोडत नाही. म्युनिकमधल्या एकाही माणसाला त्याचा पत्ता नसतो.

आता ज्या गोष्टीनं मला हा लेख लिहायला लावलं तिच्याकडे येतो.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, वॉस, हार्डांगर, स्ट्रांडा, होर्निंदाल अशा फ्योर्डांच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या चिंचोळ्या खाड्यांच्या, खोऱ्यांत शेतकरी शेकडो वर्षं घरी बिअर करत आले. गुलाथिंग ह्या तिथल्या जुन्या सभेच्या मध्ययुगीन कायद्यानं तर नाताळसाठी बिअर करणं शेतकऱ्याला बंधनकारक केलं होतं. न करणाऱ्याला दंड होई. सातूला मोड आणून, वाळवून, ज्युनिपर ह्या सदाहरित झुडपाच्या फांद्या उकळलेल्या पाण्यात तो भिजवायचा. अनेक घरी गाळलेला रस उकळतही नाहीत. मग त्यात घरचं यीस्ट घालायचं. तिथल्या बोलीत त्याला क्वाइक म्हणतात. काही खोऱ्यांत यीस्ट घालताना मोठ्यानं ओरडायची रीत होती, म्हणजे बिअर तेज होते. आंबणं संपत आलं की साय काढावी तसं क्वाइक वरून काढायचं, किंवा तळाशी बसलेलं घ्यायचं, आणि बारीक लाकडी तुकडे गुंफून केलेल्या कड्यावर नाहीतर कापडावर लावून वाळवायचं. पुढच्या सणापर्यंत ते तसंच टांगलेलं. स्वतःचं बिघडलं तर शेजाऱ्याकडून आणायचं. होर्निंदालकडे बिअर तयार झाली की शेजारी चव घ्यायला जमतात. त्या बैठकीला स्वतंत्र नावही आहे.

हे वाचताना मला आजीच्या स्वयंपाकघरातला विरजणाचा गाडगा आठवला, आणि तो आठवणारा मी एकटाच मराठी माणूस नसेन.

विसाव्या शतकात पाकिटातलं बेकरीचं यीस्ट आलं आणि घरोघरचं क्वाइक सुटत गेलं. काही थोड्या घरांनी ते टिकवलं. ओस्लोचा लार्स मारियुस गार्शोल, व्यवसायानं सॉफ्टवेअरमधला माणूस, गेल्या दशकात ह्या घरांच्या मागे लागला. स्वयंपाकघरांत बसून त्यानं रीती लिहून घेतल्या, यीस्टचे नमुने मागून घेतले, इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या यीस्ट संग्रहाकडे पाठवले. २०१८ मध्ये कॅनडा, फिनलंड आणि नॉर्वे इथल्या अभ्यासकांनी मिळून दाखवून दिलं की क्वाइक हा माणसाळलेल्या ब्रुअरी यीस्टांमधला स्वतंत्र गट आहे. बहुतेक एल यीस्टना २० अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. क्वाइक ३० ते ४० अंशांवरही स्वच्छ काम करतं, तेही दोन-तीन दिवसांत. हा गुण कुठल्या प्रयोगशाळेनं दिला नाही. पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्यांनी गरम रसात तेच तेच यीस्ट घातलं, जे टिकलं ते पुढे नेलं, आणि त्यातून तो आला.

मग जे व्हायचं ते झालं. यीस्ट विकणाऱ्या कंपन्यांनी क्वाइक पाकिटात घातलं. वॉस, होर्निंदाल ही गावांची नावं आता मालाची नावं झाली आहेत. गरम देशांतल्या ब्रुअरींना तर ते वरदानच, कारण थंडाव्यावरचा खर्च वाचतो. पण घरच्या क्वाइकमध्ये बहुधा अनेक जाती एकत्र नांदतात, आणि पाकिटात साधारणपणे त्यातली एक निवडून भरलेली असते. विकत घेणाऱ्याच्या हाती विरजण पडत नाही, विरजणातला एक जीव पडतो. ज्या घरातून तो आला, तिथे तो कधी जाणार नाही. त्या घरचं क्वाइक उद्या बिघडलं तर ते परत द्यायची जबाबदारी कुणावरच नाही. पोकळ काठीची गरजही उरली नाही, कारण आता कुणी लपवून नेत नाही. सगळं उघड्यावर होतं आणि तरीही देणाऱ्याचा हात रिकामा राहतो.

महोत्सवांचं काम इथे सुरू होतं असं मला वाटतं. २०१६ पासून होर्निंदालला ह्या शेतघरच्या बिअरचा महोत्सव भरू लागला. फिनलंडमध्ये साहती आहे. तीही ज्युनिपरची, लाकडी डोणीतून गाळलेली. २००२ मध्ये युरोपीय संघानं तिच्या पारंपरिक कृतीला संरक्षण दिलं. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर तिची बहीण शोभेल असं पेय होतं, एस्टोनियाच्या सारेमा बेटावर घरची बिअर होते, लिथुआनियात तर सातूचा लगदा भट्टीत भाजून केलेली बिअर आहे. हे चारही एकाच बाल्टिक समुद्राभोवती, जवळजवळ एकाच रीतीनं. देश वेगळे, भाषा वेगळ्या, मधे शीतयुद्धाची भिंतही होती. ह्या लोकांनी एकमेकांच्या घरी जावं यापेक्षा स्वाभाविक गोष्ट कोणती?

आणि जावं माणसांनीच. साहती पाठवता येत नाही, कारण उकळलेली नसल्यानं ती लवकर आंबट होते; थंड ठेवली तरी थोड्या आठवड्यांची सोबतीण. ब्रिटिश एलचं पिंपही असंच. ते तळघरात ठेवून, वायू सोडू देऊन, गाळ खाली बसू देऊन योग्य दिवशी तोटी ठोकावी लागते. पिंप बोटीनं गेलं आणि हे जाणणारा माणूस मागेच राहिला, तर परक्या गावी लोक एक गढूळ पेय पितील आणि ‘ही का ती प्रसिद्ध एल’ म्हणून नाक मुरडतील. शिवाय प्रत्येक सरहद्दीवर उत्पादन शुल्क, परवाने, कागदपत्रं. हा खर्च मोठ्या कंपनीला जड नाही, गावच्या गटाला झेपत नाही. म्हणून पिंपांवर आधारलेला प्रत्येक आंतरराष्ट्रीय महोत्सव आपोआप मोठ्यांच्या हाती जातो. माणसावर आधारलेला जाणार नाही. पाहुण्यानं महोत्सवाच्या पंधरा दिवस आधी यावं, यजमानाच्या घरी राहावं, त्याच्या सातूपासून, त्याच्या पाण्यानं, आपल्या रीतीनं बिअर करावी. पुढच्या वर्षी यजमानानं पाहुण्याच्या गावी जाऊन तेच करावं. तिकिटांच्या पैशातून प्रवासखर्च निघावा. कंपनीचा फलक लावून तो काढायचा असेल, तर मी म्हणेन वर्षाआड भेटा, पण फलक लावू नका.

भारताचा संबंध इथे येतो, पण तो सहसा जिथे दाखवतात तिथे नाही. २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर करणारी छोटी ब्रुअरी, सुरू झाली तेव्हा तिचा ब्रुअर जर्मनीहून आला होता. पुण्याच्या बिअरला त्यानं फायदाच झाला, त्यात गैर काही नाही. पण त्या नात्यात आपण शिकणारे होतो आणि देण्यासारखं आपल्याकडे काही आहे का हे कुणी विचारलं नाही. होर्निंदालच्या शेतकऱ्याला बरोबरीचं नातं हवं असेल तर तो पुण्याच्या मायक्रोब्रुअरीत येऊन काय करील? त्यानं आसामच्या डिमा हसाओ जिल्ह्यात जावं. तिथल्या डिमासा जमातीच्या स्त्रिया चिकट तांदळाची जुडिमा हे पेय करतात. तांदळाचं पीठ आणि थेम्ब्रा ह्या रानवेलीची साल एकत्र कुटून त्या आंबवणाच्या चकत्या करतात, वाळवून ठेवतात. त्या चकत्यांना हुमाओ म्हणतात. २०२१ मध्ये जुडिमाला भौगोलिक मानांकन मिळालं. झारखंड-ओडिशात हंडिया ह्या तांदळाच्या पेयासाठी रानू ह्या आंबवणाच्या गोळ्या करतात, तीही हीच युक्ती. लाकडी कड्यावर वाळलेलं क्वाइक आणि वाळलेला हुमाओ शेजारी ठेवले, तर दोघांनाही दुभाष्याची फारशी गरज पडणार नाही.

मात्र इथे एक फरक आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार परदेशी माणसाला किंवा संस्थेला इथली जैविक साधनं संशोधनासाठी वा व्यापारासाठी हवी असतील, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि लाभातला वाटा ठरवावा लागतो. सूक्ष्मजीवही त्यात आले. गावपातळीवर जैवविविधता समिती आणि लोकांची नोंदवही असण्याची तरतूद आहे. महोत्सवांचे आयोजक अशा कायद्याकडे कटकट म्हणून पाहतात. माझ्या मते तो विरजणाचा लिहून ठेवलेला नियम आहे, आणि नात्याच्या सुरुवातीलाच तो वापरावा. कुणाच्या घरचं, कुठल्या खोऱ्यातलं, कुणी कशासाठी नेलं, पुढे विकलं तर मूळ गटाला काय मिळणार, आणि मूळ ठिकाणी ते मेलं तर परत कोण देणार. एवढं दोन्ही बाजूंच्या भाषांत एका पानावर मावतं. ज्या गटाला हे पान लिहायचं नाही, त्याच्याशी महोत्सवानं नातं जोडू नये, मग तो कितीही नामवंत असो.

एक आक्षेप मी टाळू शकत नाही, आणि टाळायचाही नाही. महाराष्ट्रात बसून दारूच्या परंपरेबद्दल प्रेमानं लिहिताना गडचिरोली डोळ्यांसमोर असायलाच हवी. तिथल्या लोकांनी, त्यातही बायकांनी, आंदोलन करून १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आणली. त्यांनी ती पुस्तकं वाचून मागितली नाही. घरातली मारहाण आणि रिकामी चूल पाहून मागितली. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं की आरोग्याला पूर्ण सुरक्षित असं मद्याचं कुठलंच प्रमाण नाही. जुनी रीत आहे म्हणून पेय निरुपद्रवी होत नाही. मी हे मानतो, आणि म्हणूनच सांगतो की नातं जोडणं म्हणजे महोत्सव इथे आणणं नव्हे. जिथल्या ग्रामसभेनं नको म्हटलं तिथे विषय संपला. पण गडचिरोलीत जे घर बुडवत होतं ते सणापुरतं, शेजाऱ्यांसोबत, हातानं केलेलं पेय होतं की रोज ठेक्यावर विकत मिळणारी बाटली, हा फरकही पाहायला हवा. होर्निंदालच्या घरी बिअर होते ती नाताळला, लग्नाला. डिमासांची जुडिमा जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींत असते. करायला वेळ आणि मेहनत लागते, तेव्हा पिण्यालाही आपोआप वेळकाळ येतो. बाटलीनं हा वेळकाळ काढून टाकला. अशा गटांनी एकमेकांशी बोलताना चव आणि यीस्टइतकंच ह्यावरही बोलावं: तुमच्याकडे कधी पितात, कुणी प्यायची नाही असं ठरलंय, कुणाला जास्त झाली तर गाव काय करतं. कंपन्यांच्या महोत्सवात हे प्रश्न कधी निघणार नाहीत.

२०१६ मध्ये युनेस्कोनं बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. यादीत जाणं चांगलंच, पण यादीतली नोंद बहुधा एका देशाच्या नावावर होते आणि नातं दोघांमध्ये असतं. यादीची वाट न पाहता दोन गट आजही सुरुवात करू शकतात. होर्निंदालचा महोत्सव शरदात भरतो. डिमासांचा सुगीचा सण, बुशू डिमा, जानेवारीच्या अखेरीस असतो, आणि त्यासाठी घरोघरी जुडिमा होते. एका वर्षी डिमा हसाओतल्या दोघीतिघींनी आधी नॉर्वेला जावं, पंधरा दिवस तिथल्या घरी राहून, तिथला सातू आणि ज्युनिपर पाहून, आपल्यासोबत नेलेल्या तांदळाची जुडिमा लावून दाखवावी. मग तिथल्या शेतकऱ्यानं सुगीच्या सणाला डिमा हसाओतल्या हाफलाँगला यावं आणि येताना परवानगीच्या कागदासोबत आपलं कडं आणावं. मधे तीनेक महिने जातील. नीट वाळवलेलं क्वाइक त्याहून कितीतरी जास्त टिकतं.